चित्रसुधारकांनो, हात आवरा!

आमच्या भंडाऱ्याकडे दिवाळीची चाहूल फराळाच्या वासाने लागत नाही, चिंचेच्या वासाने लागते. बाहेर धान कापणीला आलेले असते आणि घरोघरच्या बाया माळ्यावरची पितळी भांडी अंगणात उतरवून चिंच आणि राख घेऊन बसलेल्या असतात. स्टीलने पितळेला स्वयंपाकघरातून हुसकून लावले त्याला आता पुष्कळ वर्षे लोटली. तथापि भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव. तेव्हा वर्षातून एकदा तरी गुंड, गंगाळ आणि परात यांना उजेड दाखवावाच लागतो. लहानपणी मला या कामाला बसवताना आईची एकच ताकीद असे. भांड्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेले असते; कोणी, कोणाला, कोणत्या लग्नात दिले ते. आई म्हणे, "नावावर हात हलका ठेवजो. बाकी पाह्यजे तेवढं घास." शेजारच्या घरी एक अतिउत्साही सून होती. तिचे भांडे साऱ्या आळीत अधिक चकाके. पुढे त्या घरी भावाभावांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा सर्वांत मोठा गुंड कोणत्या आजीच्या माहेरचा यावर दोन दिवस भांडण चालले. कारण नाव होते तेथे आता आरसा झाला होता.

हे आठवण्याचे कारण असे की, सध्या आपल्याकडे दुसरीच एक घासपूस मोठ्या हौसेने चालू आहे, ती म्हणजे जुन्या हलत्या चित्रांची. दूरदर्शनच्या जुन्या मालिका, नाटकांच्या आणि लग्नांच्या कॅसेटी, त्यांवरून उतरवलेल्या डीव्हीडीच्या तबकड्या, असे जे काही वीस-तीस वर्षांमागचे हाती लागेल ते संगणकाच्या हवाली करायचे आणि लखलखीत करून घ्यायचे, असा एक छंद आणि त्यामागोमाग एक धंदा निघाला आहे. तालुक्याच्या गावी ज्या दुकानात पूर्वी परीक्षेच्या अर्जाचे फोटो निघत, तेथे आता 'जुने व्हिडिओ नवे करून मिळतील' अशी पाटी झळकते. माझे म्हणणे पहिल्याच दमात सांगून टाकतो, म्हणजे ज्यांची करंजी वाट पाहत असेल त्यांना पान उलटता येईल. या सुधारणेतला अर्ध्याहून अधिक भाग ही सुधारणा नसून खाडाखोड आहे. आणि ती करणारे हात कितीही प्रेमाने हलत असले तरी ते धरले पाहिजेत.

माझ्यावर हा प्रसंग घरातच ओढवला. वैनगंगेच्या काठचा आमचा धानाचा मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. भाऊबीजेपासून येथे गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार आणि रात्री पहाटेपर्यंत नाटक. माझे वडील गावच्या नाट्यमंडळात खाष्ट सासऱ्याची आणि कपटी सावकाराची कामे करीत. घरी ते इतके गरीब होते की, मला वाटते, वर्षभराचा राग ते त्या एका रात्रीत काढून घेत. १९९६ सालच्या मंडईत त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि पाटलांचे न संपणारे भाषण. मंडळाने त्या वर्षी पहिल्यांदाच लग्नाचे शूटिंग करणारा एक मनुष्य तालुक्याहून आणला होता. त्याच्या हॅलोजनच्या दिव्यावर धानाच्या बांध्यांतून उठलेले तुडतुडे असे तुटून पडले होते की, रंगमंचावर बारीक पाऊस पडतो आहे असे वाटावे. त्या पावसात त्याने वडिलांचा चेहरा जवळून टिपला. वडिलांना लहानपणी देवी आल्या होत्या. गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यापर्यंत वण होते, आणि त्या कडक उजेडात प्रत्येक वणात एकेक सावली उभी राहिली होती. हसले की त्या सावल्या हलत.

वडिलांचे हलते चित्र आमच्याकडे एवढेच. २००९ साली कॅसेट झिजत चालली म्हणून आम्ही एका दुकानातून तिची डीव्हीडी करून घेतली. दुकानदार म्हणाला, आता कॅसेटचे काय काम? आम्हालाही ते पटले आणि कॅसेट तेथेच टाकून आलो. या मूर्खपणाचा वाटेकरी मी आहे, हे आधीच कबूल करतो. २०१४ साली वडील गेले. २०२३ च्या दिवाळीत धाकट्या भावाने आईला ओवाळणी म्हणून तीच डीव्हीडी दुसऱ्या एका दुकानातून 'सुधारून' आणली आणि भिंतीएवढ्या टीव्हीवर लावली. शालीचा धागा न् धागा दिसत होता. नारळाची शेंडी मोजून घ्यावी. तुडतुडे नाहीसे झाले होते. संगणकाने त्यांना धूळ समजून झाडून टाकले होते. आणि शाल पांघरून एक गुळगुळीत गालांचा, तजेलदार गृहस्थ पाटलांकडे पाहून हसत होता. भारत देवीमुक्त झाल्याचे १९७७ साली जाहीर झाले. आमच्या घरातला शेवटचा रुग्ण २०२३ साली एका दुकानात बरा झाला. आईने चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि भावाला विचारले, "हा कोन होय रे?"

ती मूळ डीव्हीडी आता यंत्रात घातली की फिरते, फिरते, आणि काहीच न दाखवता बाहेर येते.

आता हे घडते कसे, ते समजून घेतले पाहिजे. नाही तर माझे म्हणणे हा म्हाताऱ्या वळणाच्या मास्तरचा त्रागा वाटेल. आपल्या देशाने टीव्हीची जी पद्धत स्वीकारली होती, तिच्यात एक चित्र ६२५ आडव्या ओळींचे असे, आणि त्यांपैकी सुमारे ५७६ ओळींत प्रत्यक्ष चित्र मावे. ओळीही एकदम येत नसत. आधी विषम, मग सम, अशा दोन खेपांत, सेकंदाला पन्नास खेपा. डीव्हीडीही याच मापाची झाली. घरगुती व्हीएचएस कॅसेट त्याहून दरिद्री. तिच्या प्रत्येक ओळीत प्रक्षेपणाच्या निम्म्याच्या आसपास तपशील राही. उलट आजच्या मोठ्या टीव्हीला २१६० ओळी लागतात. थाळी मोठी आणि भात मूठभर, असा हा मामला आहे. मूठभर भात मोठ्या थाळीत पसरून वाढला तर तो विरळ दिसतो; चित्र थोडे मऊ, थोडे अंधुक दिसते. हे प्रामाणिक आहे. परंतु थाळी भरलेली दिसावी असा हट्ट धरला, तर बाकीचा भात आणायचा कोठून?

तो संगणक आणतो, आणि तो आपल्या घरचा नसतो. या नव्या यंत्रांना आधी लाखो चित्रे दाखवून शिकवलेले असते. अंधुक चेहरा समोर आला की ते यंत्र आपल्या शिकवणीतून अनुमान करते: येथे डोळा असावा, डोळा साधारण असा असतो, येथे गाल असावा, गाल साधारण गुळगुळीत असतो. 'साधारण' हा शब्द ध्यानात ठेवावा. माझ्या वडिलांचा गाल साधारण नव्हता. कोणाच्याच वडिलांचा नसतो. यंत्राने वडिलांचा चेहरा साफ केला नाही. त्या जागी जगातल्या अनोळखी गालांची सरासरी बसवली.

याच्या जोडीला आणखी दोन अत्याचार आहेत, ते साधे म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. जुने चित्र चारास तीन या प्रमाणात असे, नवा पडदा सोळास नऊ. तेव्हा पडदा भरावा म्हणून एक तर चित्र ताणतात, म्हणजे सारी पात्रे एक-तृतीयांशाने रुंद होतात आणि वनवासातली माणसेही खाऊनपिऊन सुखी दिसू लागतात. नाही तर वरखाली कापतात, म्हणजे चित्राचा चौथा हिस्सा गेला. दिग्दर्शकाने मुकुटासाठी जागा ठेवली होती, ती कात्रीत गेली. बाजूला दोन काळे पट्टे राहिले तर कोणाचे काय बिघडते, हे मला अद्याप उमगलेले नाही. घरातल्या फोटोला चौकट असते तिची कोणाला अडचण वाटत नाही!

आता सर्वच सुधारणा वाईट, असे मी म्हणत असेन तर तो माझाच अप्रामाणिकपणा होईल. फितीवर ओरखडा पडून एखादी ओळ कोरी येते, ती शेजारच्या ओळीवरून भरून काढणे. थरथरणाऱ्या ओळी पुन्हा आपापल्या जागी नीट लावणे. निळसर पडलेला रंग मूळच्या तोलावर आणणे. सम-विषम ओळी नीट न जुळल्याने कडांना येणारे कंगव्याचे दात काढणे. ही सारी चिंचेने घासण्याची कामे आहेत आणि ती केलीच पाहिजेत. जेथे मूळ चित्रीकरण फिल्मवर झाले तेथे तर पर्वणीच. अमेरिकेतली 'आय लव्ह लुसी' ही मालिका १९५१ साली सुरू झाली ती पस्तीस मिलिमीटर फिल्मवर. त्या फिल्मवर तेव्हाच्या टीव्हीला दाखवता आले नाही इतके चित्र साठून राहिले होते, आणि आज ते पुन्हा उतरवून घेतले तर मालिका पहिल्या दिवसापेक्षा स्वच्छ दिसते. तेथे यंत्राला काही रचावे लागत नाही. जे होते तेच वर येते.

होते ते वर आणणे कशाला म्हणतात, याचा याहूनही नामी दाखला इंग्लंडात घडला, आणि आपल्या चित्रसुधारकांनी तो पाठ करावा असा आहे. बीबीसीवर 'डॅड्स आर्मी' नावाची एक विनोदी मालिका होती; महायुद्धात घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या पलटणीची. १९६९ साली रंगीत चित्रित झालेल्या तिच्या एका भागाची फीत पुढे पुसली गेली. मागे राहिली ती फक्त परदेशी विक्रीसाठी, टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा ठेवून काढलेली काळीपांढरी प्रत. त्या प्रतीवर सर्वत्र बारीक ठिपक्यांची एक जाळी उठलेली होती. पाहणाऱ्याला तो दोष वाटे. परंतु काही तंत्रज्ञांच्या ध्यानात आले की, ही जाळी म्हणजे रंगाच्या मूळ संदेशाची खूण आहे. प्रत काढताना तो संदेश गाळायचा राहून गेला होता. त्यांनी त्या ठिपक्यांवरूनच रंग उलगडला, आणि २००८ च्या डिसेंबरात तो भाग पुन्हा रंगीत दिसला. कोणी रंगवलेला नव्हे, त्याचाच.

आता कल्पना करा की, मधल्या एखाद्या साली एखाद्या उत्साही सुधारकाने त्या प्रतीवरचे ठिपके 'डाग' म्हणून धुऊन काढले असते आणि मूळ प्रत फेकून दिली असती. तो रंग कायमचा गेला असता, आणि गेला हे कोणाला कळलेही नसते. उलट सर्वांनी त्याची पाठ थोपटली असती की, किती स्वच्छ केलेस बाबा! आज आपल्याला जो मळ वाटतो तो उद्याच्या शहाण्याला अक्षर वाटू शकतो. माझ्या वडिलांच्या चित्रातले तुडतुडे घ्या. त्या सालच्या धानावर किती कीड होती याचा तो पुरावा होता, असे एखादा शेतकी खात्याचा मनुष्य म्हणाला असता. मी त्यावर हसणार नाही.

यावर चित्रसुधारकांचे तीन आक्षेप माझ्या कानी आले आहेत. पहिला असा की, नव्या पिढीचे डोळे बदलले. अंधुक चित्र ती पाहणारच नाही. या आक्षेपाला मला उत्तर द्यावे लागत नाही, ते साऱ्या देशाने दिले आहे. रामानंद सागरांचे 'रामायण' २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाले तेव्हा मी शाळेत नुकताच जाऊ लागलो होतो. गावात संच एकच, तोही काळापांढरा. बांबूवर चढवलेला अँटेना नागपूरकडे तोंड करून असे आणि वारा सुटला की राम-लक्ष्मणांवर मुंग्या येत. मग एक पोरगा कौलांवर चढून 'आलं का?' म्हणून ओरडे आणि खालून पन्नास जण 'नाही' म्हणून ओरडत. तीच मालिका २८ मार्च २०२० पासून, साऱ्या देशाला टाळे लागलेले असताना, दूरदर्शनने पुन्हा दाखवली. चित्र १९८७ चेच, मऊ आणि फिकट. आणि ती कोट्यवधी लोकांनी पाहिली, घरातल्या मोबाइलवाल्या पोरांसकट. कोणी म्हणाले नाही की, रामाच्या भाळावरचा तपशील कमी पडतो. लोक चित्राकडे पाहत नाहीत, चित्रातून पाहतात.

दुसरा आक्षेप असा की, मूळ कर्त्यालाही हेच हवे असते. याला आधार म्हणून 'मुघल-ए-आझम' पुढे करतात. १९६० चा हा चित्रपट बहुतांशी काळापांढरा, काही भाग रंगीत. आणि सबंध चित्रपट रंगीत व्हावा अशी के. आसिफ यांची इच्छा होती म्हणतात. २००४ साली तो रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला, आणि पुष्कळांना आवडला. मलाही काही भाग आवडला, लपवत नाही. परंतु आसिफ १९७१ सालीच गेले होते. शालूला कोणता हिरवा द्यायचा हे कोणाला विचारणार? आणि जेथे कर्ते जिवंत आहेत तेथे तरी विचारले जाते काय? 'रांझणा' हा २०१३ चा चित्रपट. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच्या तमिळ आवृत्तीचा शेवट यंत्राकडून बदलून मेलेला नायक उठवून बसवला. दिग्दर्शक आनंद राय आणि नट धनुष या दोघांनी जाहीर निषेध केला. गालाचे वण बुजवण्यापासून मढे उठवण्यापर्यंतचा रस्ता असा सरळ आहे, मध्ये एकही नाका नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो माझ्या भावानेच घातला. तो म्हणाला, "दादा, घरचं चित्र आहे. आईला बरं वाटावं म्हणून केलं. यात पाप काय?" पाप नाही. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. नसलेले चेहरे रचणे हा तर माझाच धंदा. पण माझ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'कादंबरी' असे छापलेले असते. आणि शाळेत मुलांच्या निबंधांवर लाल शाई चालवणे हीही माझी रोजची भाकरी. तेथे ऱ्हस्वदीर्घ सुधारणे वेगळे, आणि निबंध आपणच नवा लिहून खाली मुलाचे नाव घालणे वेगळे. रंगवा, नटवा, हवे तर वडिलांना मुकुट चढवा. परंतु त्याच्यावर लिहा की, हे रचलेले आहे, आणि मूळ प्रतीला हात लावू नका. बीबीसीच्याच 'डॉक्टर हू' या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग पुसले गेले. चित्र गेले, पण आवाज सारा वाचला. कारण घरोघरच्या प्रेक्षकांनी टेपरेकॉर्डर टीव्हीजवळ ठेवून तो उतरवून घेतला होता. पुढे त्या आवाजावर हाताने काढलेली चित्रे बसवून काही भाग पुन्हा उभे केले. पण ती चित्रे व्यंगचित्रपटासारखी, उघड उघड रचलेली. कोणाची फसगत व्हायला नको. आणि त्याच मालिकेचे नऊ हरवलेले भाग २०१३ साली नायजेरियातल्या जोस गावच्या एका प्रक्षेपणकेंद्राच्या कोठीत, धूळ खात पडलेल्या डब्यांत सापडले. ते डबे कोणी सुधारायला नेले नव्हते, म्हणून सापडले.

आपल्याकडे अशी कोठी सापडेल काय, याची मला धास्ती वाटते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७७ च्या सुमारास चिं. वि. जोशींच्या कथांवरून तेथे 'चिमणराव' ही मालिका झाली. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मुंबई-पुण्याकडचे लोक अजून तिची आठवण काढताना खुर्चीत पुढे सरकतात. आमच्या भागात तेव्हा टीव्हीच नव्हता. आम्ही चिमणरावांना पुस्तकात भेटलो. पुढे कधी पाहू म्हणावे, तर तिचे बहुतेक भाग राहिलेलेच नाहीत. फिती महाग, म्हणून जुने पुसून त्यांवर नवे भरण्याची त्या काळी रीतच होती. म्हणजे झाडीपट्टीच्या नशिबी ती मालिका दोनदा नाही आली: एकदा मनोरा नव्हता म्हणून, आणि दुसऱ्यांदा फीत नव्हती म्हणून. जी आहेत ती चित्रे चकचकीत करण्यासाठी जेवढी धडपड चालते, तिचा दहावा हिस्सा जरी नाहीत ती हुडकण्यासाठी झाली, तरी एखाद्या सेवानिवृत्त तंत्रज्ञाच्या कपाटातून चिमणरावांचा एखादा भाग निघाल्यावाचून राहणार नाही, अशी मला वेडी आशा आहे.

चित्रपटांचे तरी बरे. पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने तेथे आयुष्य वेचून तुकडा तुकडा गोळा केला. २०२२ साली केंद्र सरकारने बावीसशे चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले. परंतु मंडईतल्या नाटकाची कॅसेट कोणत्या संग्रहालयात जाणार? झाडीपट्टीच्या रंगभूमीचा नव्वदच्या दशकातला कारभार, त्यातले पडदे, पायपेटी आणि तबला, लुगडी, शिट्ट्या, पुढच्या सतरंजीवर झोपलेली पोरे, हे सारे ज्या फितींवर आहे त्या लोकांच्या कोठ्यांत, माळ्यांवर, उंदरांच्या शेजारी आहेत. आमच्या पावसाळ्यात त्यांवर पांढरी बुरशी चढते. फितीवरचा चुंबकीय थर ज्या डिंकाने चिकटलेला असतो तो ओल धरून चिकट होतो. आणि ती चालवायची यंत्रेही राहिली नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले, तेव्हा जगातला तो कारखानदारीचा दिवाच मालवला. आता जे आहेत ते जुने, दुरुस्त करकरून चालवलेले.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी कॅसेट असेल त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. बुरशी दिसत असेल तर ती यंत्रात घालू नका. फीतही जाईल आणि यंत्रही जाईल. जाणत्या माणसाकडे न्या. पहिली प्रत जशीच्या तशी उतरवून घ्या: मुंग्यांसह, थरथरीसह, काळ्या पट्ट्यांसह. ती दोन ठिकाणी ठेवा, एक घरी आणि एक पोटगावी गेलेल्या भावाकडे. तबकडीवर फार विसंबू नका, ती आमच्यासारखाच दगा देते. कॅसेट परत मागून आणा, दुकानदार कितीही हसला तरी. वर कोणत्या गावची, कोणत्या सालची, कोण कोण आहे, हे पेन्सिलीने कागदावर लिहून डबीत घाला. पाच वर्षांनी सांगणारे राहत नाहीत. एवढे झाल्यावर मग नटवायचे ते नटवा.

आणि एक काम माझे स्वतःचे. १९९६ च्या त्या मंडईच्या रात्रीनंतर शूटिंगवाल्याने कॅसेटच्या प्रती काढून विकल्या होत्या, हे मला पक्के आठवते. पायपेटीवाल्याने घेतली होती; नायिकेचे काम करायला पैसे देऊन आणलेल्या बाईंनीही घेतली होती. त्या कोठल्या, हे आता गावात कोणाला नीट सांगता येत नाही. कोणी वडसा म्हणतो, कोणी नागपूर. गेल्या वर्षी मी साकोलीपासून पवनीपर्यंत सहा-सात घरी जाऊन आलो. चहा सगळीकडे मिळाला. एका ठिकाणी त्या रात्रीची म्हणून जी कॅसेट दिली तिच्यावर कोणाचे तरी लग्न निघाले. यंदाही भाऊबीज झाली की निघणार आहे. लाखांदूरच्या बाजूला एका घरी धानाच्या ढोलीमागे एक पेटी आहे, तीत कॅसेटी आहेत, असे कळले आहे. घरमालकाने निरोप पाठवला की, मास्तर, खूप मळल्या आहेत, पुसून ठेवू का? मी धावत जाऊन फोन लावला आणि सांगितले, काही करू नका, फडकेही लावू नका. आई म्हणते, मलाही ने. तिला तुडतुड्यांसकट पाहायचे आहे.